स्टिअरिंग हाती, पण फाटकापर्यंतच!

आमच्या लेकीला सोळावे वर्ष पूर्ण झाले, त्या दिवशी केक कापायच्या आधीच तिने आपली मागणी पुढे ठेवली, ‘‘मला गाडी शिकायचीय.’’

‘‘अठरा वर्षांची हो, मग बघू,’’ वर्तमानपत्रातून डोके वर न काढताच हे म्हणाले.

‘‘रस्त्यावर कोण म्हणतंय? आपल्या शेतात!’’

मी काही बोलणार, इतक्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, ‘‘हव, मी शिकवतो.’’

आमच्या घरात सासऱ्यांचा शब्द सहसा मोडला जात नाही. १९७२ साली ते भंडारा जिल्ह्यातले आपले गाव सोडून भिलाईला आले आणि पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये क्रेन ऑपरेटर झाले. रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हापासून विदर्भातली कितीतरी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार झाले, गणपती बसले, मुले शिकली. पण क्वार्टर कंपनीचे. म्हणून २०१० साली निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी हाती आलेल्या पैशातून दुर्गच्या पुढे, धमधा रस्त्यालगत सात एकरांची एक चिंचोळी पट्टी घेतली. शेतकऱ्याचा मुलगा अडतीस वर्षे लोखंड उचलून पुन्हा धानाच्या बांधीत उतरला.

त्यांनी ‘हव’ म्हटले आणि माझ्या पोटात गोळा आला. खरे सांगायचे तर भीतीबरोबर थोडा हेवाही होता. माझ्या वडिलांनी माझ्या भावाला पंधराव्या वर्षी जीप शिकवली होती. मी दोन वर्षांनी मोठी, पण मला कोणी विचारलेसुद्धा नाही. पुढे अडतिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन मी गाडी शिकले, तेही घाम पुसत. माझ्या मुलीने मागितले आणि तिच्या आजोबांनी लगेच होकार दिला, हे मला कुठेतरी सुखावून गेले. तरीही शंका होतीच. हे कायद्यात बसते का? आणि कायद्यात बसले, तरी शहाणपणाचे आहे का?

कायदा काय म्हणतो?

१९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो, की अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवू नये. यातला ‘सार्वजनिक ठिकाण’ हा शब्द महत्त्वाचा. जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे, ती जागा सार्वजनिक. मग तिथून वाहतूक होत असो वा नसो. म्हणजे कुंपण घातलेले, फाटक लावलेले आपले स्वतःचे शेत वेगळे आणि दोन शेतांमधून जाणारी, साऱ्या गावाच्या बैलगाड्यांची पांदण वेगळी. पांदणीवर वाहन दिसत नसले तरी ती आपली नव्हे. पुष्कळ पालक इथेच चुकतात. आणि आपल्या कुंपणाआत कुणाला इजा झाली, तर ‘आमचेच शेत होते’ एवढे म्हणून सुटका होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सोळाव्या वर्षी एक सवलत मिळते, पण ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती, आणि तिलाही परवाना लागतोच. आजकाल दारोदार दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. ‘सोळा पूर्ण झाली, आता क्लासला स्कूटरवर जाऊ दे’ असे म्हणणारे आईबाप नकळत कायदा मोडत असतात.

१ सप्टेंबर २०१९ पासून तर या चुकीची किंमत फार मोठी झाली आहे. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

दंडाचे सोडा, पण त्याहून मोठी किंमत कोणाला तरी जिवाने मोजावी लागते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती, असे पोलिसांनी सांगितले. ती बातमी वाचून किती घरांत गाडीच्या किल्ल्या खुंटीवरून काढून कपाटात ठेवल्या गेल्या असतील! २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक.

म्हणून मी सासऱ्यांपुढे एकच अट ठेवली, ‘‘बाबा, फाटकाबाहेर नाही. कितीही चांगली चालवायला लागली तरी.’’

ते म्हणाले, ‘‘फाटकाच्या आतही सारंच मिळन असं नाही. पायतच राय तू.’’

महिनाभर किल्लीच नाही

धान कापून झाले, डिसेंबर उजाडला. आमची २०११ सालची मारुती ८०० शेतावर मुक्कामाला गेली. छत्तीसगडात जमिनीला मातीप्रमाणे नावे आहेत. उंचावरची लाल, मुरमाड, नापीक ती भाटा. खाली नाल्याकडची काळी, चिकट ती कन्हार. आमच्या शेताचा रस्त्याकडचा भाग भाटा आहे. तिथे फार काही पिकत नाही; पण जमीन कडक, सपाट आणि मोकळी. ना विहीर, ना झाड, ना विजेचा खांब. सासऱ्यांनी शिकवण्यासाठी हीच जागा निवडली. विहीर किंवा कालव्याच्या काठाने नवशिक्याला गाडी देणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

पहिले चार रविवार त्यांनी तिच्या हाती किल्ली दिलीच नाही. ‘‘आधी गाडीभोवती एक चक्कर मार,’’ ते म्हणत. चाकाखाली काय आहे, मागे कोंबडी बसली आहे का, मजुराचे पोर सावलीला निजले आहे का, ते पाहायचे. मग आत बसून आरसे लावायचे, पट्टा बांधायचा आणि बंद गाडीत क्लच, ब्रेक, गिअर न पाहता हाताळायचे.

लेक कंटाळली. ‘‘आजोबा, गाडी कधी चालू करायची?’’

तेव्हा त्यांनी तिला क्रेनची गोष्ट सांगितली. कारखान्यात माणसांच्या डोक्यावरून तापलेले लोखंड न्यायचे असते. ऑपरेटर वर केबिनमध्ये. खाली उभ्या माणसाने इशारा दिल्याखेरीज आकडा हलवायचा नाही आणि हलवण्यापूर्वी घंटा वाजवायची. ‘‘लोखंड कुठं न्यायचं ते मागून पाह्यचं,’’ ते म्हणाले, ‘‘खाली माणूस कुठं हाये, ते आधी.’’

पाचव्या रविवारी किल्ली मिळाली. पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी पुढे सरकवायची. दोन रविवार एवढेच. त्यानंतर दुसरा गिअर, त्यानंतर रिव्हर्स. सासरे शेजारी, डावा हात मांडीवर, उजवा हँडब्रेकवर. गाडीत तिसरे कोणी नाही आणि चाळीस पावलांच्या आत कोणी उभे राहायचे नाही. धाकट्याला ओट्यावर बसून टाळ्या वाजवण्याची तेवढी परवानगी होती.

एकदा त्यांनी वेगाचा धडा दिला. गाडी यांनी चालवली. जमिनीवर चुन्याची रेघ मारली होती. गाडी रेघेवर आली, की सासरे रुमाल खाली करणार आणि हे ब्रेक दाबणार. आधी ताशी वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. गाडी कुठे थांबली, ते लेकीने पावलांनी मोजायचे. तिला वाटले होते, वेग दुप्पट म्हणजे अंतरही दुप्पट. प्रत्यक्षात गाडी कितीतरी पुढे गेली. याचे गणित सोपे आहे. ताशी वीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, चाळीसच्या वेगाने अकरा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जवळपास एक सेकंद जातोच, आणि त्यानंतर ब्रेक लागून थांबायला लागणारे अंतर वेगाच्या दुपटीला चौपट होते. पुस्तकातला हा नियम तिने पायाखाली मोजला, तो आता ती जन्मात विसरणार नाही.

शेवटची परीक्षा होती बादलीची. मागच्या बाजूला पायांपाशी पाण्याने पाऊण भरलेली बादली ठेवायची, भाट्यावरून खाली कन्हारापर्यंतच्या साडेतीनशे मीटर वाटेने जाऊन परत यायचे आणि पाणी सांडायचे नाही. पहिल्या दिवशी अर्धी बादली गाडीत रिकामी झाली. मे महिना संपता संपता पायपुसणे कोरडे राहू लागले.

ट्रॅक्टर नको!

या काळात धाकट्याची भुणभुण सुरू झाली. ‘‘ताईला मारुती, मग मला ट्रॅक्टर.’’ वय वर्षे बारा! गावोगाव या वयाची मुले ट्रॅक्टरवर दिसतात, त्यामुळे त्याचेही चुकले नाही. पण इथे सासऱ्यांनी साफ नकार दिला, आणि त्याची कारणे प्रत्येक शेतकरी घराने समजून घ्यावीत अशी आहेत.

ट्रॅक्टर म्हणजे संथ मोटार नव्हे. मागची चाके चिखलात रुतली असता झटक्याने क्लच सोडला, तर चाके फिरण्याऐवजी पुढचा भागच वर उचलला जातो आणि पापणी लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा येतो. डाव्या आणि उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळायला ते सोयीचे; पण रस्त्यावर ते एकमेकांना जोडायचे विसरले, तर एकच बाजू धरली जाऊन ट्रॅक्टर कलंडतो. मागचा अवजारे फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचे टोक, लुगड्याचा पदर, सैल बाही त्यात अडकली, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मडगार्डवर मुलांना बसवून हौसेने फेरी मारणे तर सर्वांत वाईट. ती बसायची जागाच नव्हे.

ट्रॅक्टर शिकायचाच, तर मोठेपणी आणि रीतसर. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथे १९५५ पासून शेतीयंत्रांचे प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, ती उगीच नव्हे.

इतर देशांतही शेतातल्या मुलांचा प्रश्न आहेच. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात चौदाव्या वर्षी शेतकामापुरता परवाना मिळू शकतो. स्वीडनमध्ये पंधरा वर्षांची मुले मोटारीचा वेग ताशी तीसवर बांधून तयार केलेली गाडी चालवतात. ब्रिटनमध्ये मात्र तेरा वर्षांखालील मुलाला शेतातल्या ट्रॅक्टरवर चढायलाही बंदी आहे. प्रत्येकाने आपापल्या परीने फाटक कुठे लावायचे ते ठरवले आहे. आपल्याकडे रस्त्यासाठी ते अठराव्या वर्षी लागलेले आहे.

त्या दुपारची गोष्ट

जुलै महिना. रोवणी चालू होती. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती. तरी शेतावर जाणे काही सुटत नव्हते. त्या दिवशी मी गाडीने त्यांना आणि लेकीला शेतावर सोडले आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पिकअपमधून खत आणायला दुर्गला गेले. हे ड्यूटीवर होते.

दुपारी दोनच्या सुमारास नाल्याकडच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांची जुडी उचलताना एका मजूर बाईच्या पायाला साप चावला. साप कोणता, ते कुणी नीट पाहिलेच नाही. बायांनी आरडाओरडा केला. कुणी पदर फाडून पाय आवळायला निघाले, कुणी बैगाला बोलवा म्हणाले. लेकीला शाळेत शिकवलेले आठवले. आवळायचे नाही, कापायचे नाही, चालू द्यायचे नाही. पाय स्थिर ठेवायचा आणि लवकरात लवकर इस्पितळ गाठायचे. तिने आधी १०८ ला फोन लावला. मग शेजारच्या शेतावर, त्यांच्या मोठ्या मुलाला. त्याच्याकडे परवाना होता आणि तो घरून निघालाच होता. पण नाल्यापासून फाटकापर्यंत साडेतीनशे मीटर आणि पावसाने निसरडी झालेली वाट. बाईला चालवत नेणे शक्य नव्हते.

सासरे एवढेच म्हणाले, ‘‘गाडी काढ.’’

कन्हाराच्या काठापर्यंत, जिथवर मुरूम आहे तिथवर, तिने गाडी नेली. चौघींनी बाईला उचलून मागच्या सीटवर निजवले. ‘‘धीरे चला, नोनी,’’ ती बाई कण्हत म्हणाली. छत्तीसगडीत लेकीला ‘नोनी’ म्हणतात. आणि लेकीने ती साडेतीनशे मीटर वाट बादलीच्या वेगाने पार केली. दुसरा गिअर, एकही हिसका नाही.

फाटक आले. बाहेर कोणीच नव्हते. ना अँब्युलन्स, ना शेजारचा मुलगा. समोर धमधा रस्ता, त्यावरून धावणारे ट्रक.

इतके दिवस नियमांवर बोट ठेवणारे सासरेच म्हणाले, ‘‘पोरी, घे बाहेर. मी हाव बाजूला.’’

लेकीने हँडब्रेक ओढला. तिचे हात थरथरत होते. ती म्हणाली, ‘‘आजोबा, मला शेत येतं. रस्ता येत नाही. मी सगळ्यांनाच मारीन.’’

चार मिनिटे. ती पुढे मला म्हणाली, की त्या चार मिनिटांत तिने सात वेळा घड्याळ पाहिले. मागच्या सीटवरची बाई देवाचे नाव घेत होती, सासऱ्यांनी डोळे मिटले होते. मग शेजारचा मुलगा मोटारसायकलवरून आला, उडी मारून आमच्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसला आणि लेक मागे जाऊन बाईचा पाय धरून बसली. १०८ ला फोन करून कळवले. दुर्गला पोहोचताच डॉक्टरांनी विषावरची लस सुरू केली. बाई पाच दिवसांनी घरी आली.

नंतर आमच्याकडे खूप चर्चा झाली. शेजारीण म्हणाली, ‘‘प्राणाशी गाठ असताना कसला कायदा घेऊन बसलात? मुलीनं गाडी न्यायला हवी होती.’’ मीही रात्र रात्र विचार केला. ती चार मिनिटे चौदा झाली असती तर? बाईला काही झाले असते, तर मी लेकीचे कौतुक केले असते का? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण ज्या मुलीने कधी समोरून येणारा ट्रक पाहून गाडी डावीकडे घेतलेली नाही, ती भेदरलेल्या मनाने, मागे कण्हणारे माणूस घेऊन महामार्गासारख्या रस्त्यावर गेली असती, तर काय झाले असते, हेही मला दिसत होते. आपल्याला काय येते हे मुलांना लवकर कळते. काय येत नाही, हे कळायला मात्र कुणीतरी शांतपणे शिकवावे लागते. ते शिक्षण तिला त्या भाट्यावर मिळाले होते.

पालकांनो, एवढे सांभाळा

ज्यांच्याकडे शेत आहे आणि घरात हट्ट धरणारे पोर आहे, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जागा स्वतःची, कुंपणाची आणि मोकळी असावी. विहीर, तळे, कालवा, विजेचे खांब दूर असावेत. शिकवणारा परवानाधारक, शांत स्वभावाचा आणि एकच असावा. दोघांनी दोन बाजूंनी ओरडू नये. किल्ली मोठ्यांच्याच ताब्यात असावी. मित्रांना गाडीत बसवणे, मोबाइलवर चित्रण करणे अजिबात चालू देऊ नये. गाडीच्या विम्याच्या अटीही एकदा वाचून घ्याव्यात. आणि मुलाला शिकवता, तसे मुलीलाही शिकवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘आजच्या दिवस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन ये’ हे वाक्य मोठ्यांनीच कधी उच्चारू नये. फाटक एकदा उघडले, की ते पुन्हा लावता येत नाही.

आमची लेक नुकतीच अठरा वर्षांची झाली. तिने शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेल्या गाडीवर शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही आम्ही तिचे नाव घातले. ‘येतं की तिला!’ असे मनात आले होते. पण तिनेच आठवण करून दिली, की तिला फक्त शेत येते.

महिनाभराच्या क्लासनंतर एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मारुतीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावून ती शेतातून निघाली. शेजारी मी. तिने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, आरसे लावले, पट्टा बांधला. फाटकापाशी सवयीने गाडी थांबवून हँडब्रेक ओढला.

सासरे तिथे आधीच जाऊन उभे होते. त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले, कडी काढली आणि कारखान्यातल्यासारखा हात हलवून तिला इशारा दिला.

‘‘ये आता,’’ ते म्हणाले.